नकोसे कॉल आणि मेसेज कसे थांबवायचे: अँड्रॉइड आणि आयफोनसाठी सविस्तर

नंबर ब्लॉक करतो, दोन दिवस शांत जातात आणि तिसऱ्या दिवशी तेच कर्ज, तोच आवाज, फक्त नंबराचे शेवटचे तीन आकडे वेगळे. मग पुन्हा ब्लॉक. ब्लॉक यादीत शंभर नंबर जमतात, तरी फोन वाजायचा थांबत नाही. यात फोनचा दोष नाही. ब्लॉकचं बटण एका नंबरासाठी असतं आणि समोरच्याकडे नंबरांचा तुटवडा नसतो.

म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवा. आधी फोनला सांगायचं की कोणाचा कॉल वाजू द्यायचा. मग स्पॅम ओळखणारी गाळणी चालू करायची. एकेक नंबर ब्लॉक करणं सगळ्यात शेवटी, तेही एकच माणूस एकाच नंबरावरून छळत असेल तेव्हा. तिथे मात्र त्याला तोड नाही.

मेनूंची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे थोडी बदलतात. खाली दिलेलं नाव जागेवर सापडलं नाही, तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत 'ब्लॉक' किंवा 'स्पॅम' टाइप करा. मेनू धुंडाळण्यापेक्षा ते लवकर होतं.

आधी त्रासाची जात ओळखा

उपाय जातीप्रमाणे बदलतो, त्यामुळे इथे दोन मिनिटं घालवलेली बरी.

*खरा नंबर, खरी कंपनी.* जाहिरात करणारी नोंदणीकृत संस्था, आधी कधीतरी तुमचा नंबर घेतलेलं दुकान, विमा विकणारा एजंट. यांच्यावर ब्लॉक चालतो, तक्रार चालते, 'यादीतून काढा' हेही चालतं.

*खोटा नंबर दाखवणारा.* स्क्रीनवर दिसणारा नंबर ही कॉल लावणाऱ्याच्या बाजूने भरून पाठवलेली माहिती असते. इंटरनेटवरून कॉल लावणाऱ्या यंत्रणेत ती हवी तशी भरता येते. तुमच्याच नंबरासारखी सुरुवात असलेल्या नंबरावरून कॉल येतात ते याचमुळे, ओळखीचा भाग वाटला की माणूस उचलतो. असा नंबर ब्लॉक करून फायदा नाही, आणि त्यावर परत फोन करून शिव्या देण्यात तर अजिबात नाही. पलीकडे बहुधा एखादा निरपराध माणूस असतो, ज्याला आपला नंबर वापरला जातोय याचा पत्ताच नसतो.

*उचलला की शांतता.* कॉल सेंटरमधलं यंत्र एकाच वेळी अनेकांना फोन लावतं आणि जो आधी उचलेल त्याला मोकळ्या माणसाकडे जोडतं. माणूस मोकळा नसला की तुम्हाला नुसती शांतता ऐकू येते आणि कॉल तुटतो. कोणी पाळत ठेवतंय असं वाटून घाबरायचं कारण नाही. पण उचलल्यामुळे 'हा नंबर चालू आहे' एवढी नोंद मात्र होते.

*एक रिंग आणि बंद.* परदेशी नंबरावरून अर्धवट रिंग येते, उत्सुकतेपोटी तुम्ही परत फोन लावाल अशी अपेक्षा असते. तो नंबर महागड्या दराचा असतो आणि त्या दरातला वाटा त्यांना मिळतो. या प्रकाराला जपानी भाषेतून आलेलं 'वानगिरी' हे नाव आहे. उपाय एकच: परत फोन लावू नका.

*मेसेज वाटणारं पण मेसेज नसलेलं.* 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस', 'बक्षीस घ्या' अशा सूचना पडद्यावर येतात आणि लोक एसएमएस समजून नंबर शोधत बसतात. नंबर नसतोच. कधीतरी एखाद्या वेबसाइटला 'अलाउ' दाबलेलं असतं आणि ब्राउझर त्या सूचना दाखवत राहतो. सूचना दाबून धरा, खाली ती कोणत्या अ‍ॅपची आहे ते दिसतं. क्रोम असेल तर क्रोमच्या तीन ठिपक्यांत सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि 'अलाउड' यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका. अर्ध्या लोकांचा 'मेसेजचा त्रास' इथेच संपावा.

अँड्रॉइडवर कॉल: गूगलचं फोन अ‍ॅप

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कॉलसाठी गूगलचंच अ‍ॅप असतं. त्यात क्रम असा:

१. फोन अ‍ॅप उघडा, वरचे तीन ठिपके (नव्या आवृत्तीत तीन रेघा) दाबा, सेटिंग्जमध्ये जा.

२. 'कॉलर आयडी अँड स्पॅम' उघडा. 'सी कॉलर अँड स्पॅम आयडी' चालू करा. यामुळे संशयित कॉलवर लाल पडदा आणि इशारा येतो, पण फोन वाजतो.

३. त्याखालचं 'फिल्टर स्पॅम कॉल्स' चालू करा. आता गूगलने स्पॅम ठरवलेले कॉल वाजणारच नाहीत. मिस्ड कॉलची सूचनाही येणार नाही, पण कॉलच्या यादीत नोंद राहील. चुकून चांगला कॉल अडकला का, हे तिथेच बघायचं.

४. एखादा ठरावीक नंबर कायमचा बंद करायचा असेल तर अलीकडच्या कॉलच्या यादीत त्यावर बोट दाबून धरा, 'ब्लॉक' आणि सोबत 'रिपोर्ट स्पॅम' निवडा. नंबर एखाद्या ओळखीच्या माणसाचा असेल तर नुसतं ब्लॉक करा, रिपोर्ट नको. नुसत्या रागापोटी केलेला रिपोर्ट दुसऱ्यांच्या फोनवरही त्या माणसाला स्पॅम ठरवायला हातभार लावतो.

आता त्या बटणाबद्दल, ज्याने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सेटिंग्जमध्ये 'ब्लॉक्ड नंबर्स' उघडलं की वरच 'अननोन' असं बटण दिसतं. लोकांना वाटतं, हे चालू केलं की सेव्ह नसलेले सगळे नंबर बंद. तसं होत नाही. इथे 'अननोन' म्हणजे ज्याने आपला नंबर लपवलाय तो, ज्याच्या जागी स्क्रीनवर 'प्रायव्हेट' किंवा 'अननोन' असं दिसतं. नंबर दिसतोय पण तुमच्याकडे सेव्ह नाही, असा कॉल या बटणाने अडत नाही. बटण चालू करा, पण 'चालू करूनही कॉल येतातच' अशी तक्रार नको, त्याचं काम ते नाहीच.

सॅमसंगमध्ये फोन अ‍ॅप, तीन ठिपके, सेटिंग्ज, मग 'ब्लॉक नंबर्स'. तिथेही वरचं बटण लपवलेल्या नंबरांसाठीच आहे. स्पॅमसाठी त्याच सेटिंग्जमध्ये 'कॉलर आयडी अँड स्पॅम प्रोटेक्शन' वेगळं आहे, ते चालू करून आत 'ब्लॉक स्पॅम अँड स्कॅम कॉल्स' बघा. सगळे स्पॅम अडवायचे की फक्त जास्त धोक्याचे, अशी निवड तिथे मिळते. सुरुवात जास्त धोक्याच्या पर्यायाने करा.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये ठरावीक आकड्यांनी सुरू होणारे सगळे नंबर अडवायची सोय असते. गूगलच्या अ‍ॅपमध्ये ती नाही. तुमच्या फोनमध्ये असेल तर जपून वापरा. तीन-चार आकडे टाकून अख्खी मालिका बंद केली की त्याच मालिकेतला शेजारीही बंद होतो.

एक सोय मात्र कामाची. अँड्रॉइड ७ पासून ब्लॉक यादी अख्ख्या फोनची एकच असते. फोन अ‍ॅपमध्ये ब्लॉक केलेल्या नंबराचे एसएमएसही अडतात, दोनदा काम करावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वगैरे या यादीकडे बघत नाहीत, त्यांचं खाली.

आयफोनवर कॉल

आयओएस १८ पासून रस्ता सेटिंग्ज, अ‍ॅप्स, फोन असा आहे, त्याआधी सेटिंग्जमध्ये थेट फोन. आत काय मिळतं ते आवृत्तीवर आहे.

आयओएस १३ (२०१९) ते १८ वर 'सायलेन्स अननोन कॉलर्स' हे एकच बटण. अँड्रॉइडच्या 'अननोन'शी याची गल्लत करू नका, हे खरोखरच अनोळखी नंबर गप्प करतं. कॉन्टॅक्टमधले, तुम्ही अलीकडे स्वतः फोन लावलेले आणि मेल-मेसेजमधून सिरीने सुचवलेले नंबर वाजतात. बाकी सगळे न वाजता व्हॉइसमेलकडे जातात आणि अलीकडच्या यादीत दिसतात. तुम्ही आपत्कालीन नंबरावर फोन केला असेल तर पुढचे २४ तास हे आपोआप बाजूला होतं, म्हणजे मदतीचा परत आलेला कॉल चुकत नाही.

आयओएस २६ पासून 'स्क्रीन अननोन कॉलर्स' आलं. त्यात तीन पर्याय आहेत. 'नेव्हर' म्हणजे काही करू नको. 'सायलेन्स' म्हणजे जुनं बटण. मधला 'आस्क रीझन फॉर कॉलिंग' सगळ्यात उपयोगी: फोन स्वतः कॉल उचलतो, समोरच्याला नाव आणि कामाचं कारण विचारतो, आणि उत्तर तुमच्या पडद्यावर अक्षरांत दाखवतो. मगच उचलायचं की नाही ते ठरवा. आपोआप लागणारे कॉल इथेच गळतात, कारण यंत्र उत्तर देत नाही. ही सोय सगळ्या देशांत आणि भाषांत नाही, तुमच्या फोनवर पर्याय दिसतो का ते आधी बघा. पिक्सेल फोनवर अशीच सोय 'कॉल स्क्रीन' नावाने आहे.

एकच नंबर बंद करायचा असेल तर अलीकडच्या यादीत त्याच्यासमोरचं गोलातलं 'आय' दाबा आणि खाली जाऊन 'ब्लॉक'. हा ब्लॉक फोन, फेसटाइम, मेसेज या सगळ्यांना लागू होतो. व्हॉइसमेल चालू असेल तर ब्लॉक केलेला माणूस निरोप ठेवू शकतो. तो 'ब्लॉक्ड मेसेजेस' नावाच्या वेगळ्या कप्प्यात पडतो, सूचना येत नाही. छळाचं प्रकरण पोलिसांपर्यंत न्यायचं असेल तर हा कप्पा रिकामा करू नका.

गप्प करण्याआधी पंधरा मिनिटांची तयारी

अनोळखी कॉल सरसकट गप्प केले की दवाखान्याचा, शाळेचा, पार्सलवाल्याचा कॉलही गप्प होतो. मग दोन दिवसांत माणूस वैतागून सगळं बंद करतो आणि पुन्हा पहिले पाढे. हे टाळायला आधी इतकं करा:

- गेल्या तीन महिन्यांच्या कॉलच्या यादीतून कामाचे पण सेव्ह न केलेले नंबर शोधून सेव्ह करा. डॉक्टर, शाळा, बँकेची शाखा, इमारतीचा वॉचमन, गॅसवाला. नाव सुचत नसेल तर 'काम १', 'काम २' असंही चालेल.
- नंबर देशाच्या कोडसह, म्हणजे अधिकचं चिन्ह लावून सेव्ह करा. देशाबाहेर असताना कोड नसलेला नंबर कधीकधी जुळत नाही आणि घरचा कॉल अनोळखी ठरतो.
- मोठ्या संस्थांमधून कॉल करताना दर वेळी वेगळा नंबर दिसू शकतो. तिथल्या माणसाला 'आधी मेसेज टाका' असं सांगून ठेवणं हाच खात्रीचा मार्ग.
- कुरियरची वाट बघत असाल किंवा नोकरीसाठी अर्ज केला असेल, तर तेवढे दिवस गाळणी सैल करा आणि ती पुन्हा घट्ट करायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. नाहीतर सैल झालेली गाळणी सैलच राहते.

रात्रीसाठी 'डू नॉट डिस्टर्ब'

गाळणीतून सुटलेले कॉल रात्री तरी वाजू नयेत म्हणून हे. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' (नव्या आवृत्तीत 'मोड्स'च्या आत), मग 'पीपल', मग कॉलसाठी फक्त कॉन्टॅक्ट किंवा फक्त तारांकित कॉन्टॅक्ट. आयफोनवर सेटिंग्ज, 'फोकस', 'डू नॉट डिस्टर्ब', 'पीपल'. दोन्हीकडे वेळापत्रक लावता येतं.

इथे एक फट आहे, ती माहीत असावी. अँड्रॉइडवर 'रिपीट कॉलर्स' चालू असेल तर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो, आयफोनवर 'अलाउ रिपीटेड कॉल्स' असेल तर ३ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला. घरच्यांच्या अडचणीसाठी ही सोय, पण चिकाटीचा वसुलीवालाही लागोपाठ दोनदा फोन लावून आत शिरतो. तो त्रास असेल तर हे बंद करा आणि घरच्यांना तारांकित यादीत घ्या. आयफोनवर त्या-त्या कॉन्टॅक्टच्या रिंगटोनमध्ये 'इमर्जन्सी बायपास' चालू केलं की तो नंबर कशातूनही वाजतो. आजारी आई-वडिलांच्या नंबरासाठी याहून चांगली सोय नाही.

एसएमएस: अँड्रॉइड

गूगल मेसेजेसमध्ये उजवीकडे वरचं तुमचं चित्र दाबा, मेसेजेस सेटिंग्ज, मग 'स्पॅम प्रोटेक्शन' (काही ठिकाणी 'प्रोटेक्शन अँड सेफ्टी'च्या आत). ते चालू ठेवा. संशयित मेसेज आपोआप 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' कप्प्यात जातात. हा कप्पा त्याच चित्रावर दाबून सापडतो. आठवड्यातून एकदा तिथे डोकावा. चुकून गेलेला मेसेज उघडून 'नॉट स्पॅम' दाबलं की तो परत येतो.

एखाद्याला बंद करायचं तर त्याच्या मेसेजवर बोट दाबून धरा, वर आलेलं ब्लॉकचं चिन्ह दाबा, 'रिपोर्ट स्पॅम'वर खूण ठेवा.

आरसीएस हा वेगळा रस्ता आहे, चित्रं-बटणांसकट येणाऱ्या जाहिराती बहुधा तिथून येतात. त्या नेहमीच्या एसएमएसच्या जाळ्यातून येत नाहीत, इंटरनेटवरून येतात. पाठवणाऱ्याला ब्लॉक आणि रिपोर्ट करा. आवरतच नसेल आणि तुम्ही आरसीएसवर कोणाशी बोलत नसाल, तर मेसेजेस सेटिंग्जमध्ये 'आरसीएस चॅट्स' बंद करा, जाहिरातींचा तो नळच बंद होतो.

एसएमएस: आयफोन

मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर अननोन सेंडर्स' (आयओएस २६ मध्ये 'स्क्रीन अननोन सेंडर्स') चालू करा. अनोळखी पाठवणाऱ्यांचे मेसेज वेगळ्या यादीत जातात आणि त्यांची सूचना वाजत नाही. ओटीपीसुद्धा अनोळखी पाठवणाऱ्याकडूनच येतो, म्हणून ओटीपी 'आलाच नाही' असं वाटलं तर आधी ती यादी बघा, मगच 'पुन्हा पाठवा' दाबा. दोनदा मागितला की पहिला ओटीपी बाद होतो आणि घोळ वाढतो.

नुसत्या वेगळ्या यादीने भागत नसेल तर मेसेज गाळणारं अ‍ॅप लावता येतं. ही सोय आयओएस ११ पासून आहे. अ‍ॅप टाकल्यावर मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते निवडावं लागतं, नुसतं टाकून चालू होत नाही. अशा अ‍ॅपला कॉन्टॅक्टमधल्या माणसांचे मेसेज आणि आयमेसेज दिसत नाहीत, ही ॲपलने घातलेली मर्यादा आपल्या फायद्याचीच आहे.

ई-मेल पत्त्यावरून आलेला आयमेसेज असेल तर त्याखालच्या 'रिपोर्ट जंक'वर दाबा. त्यातली लिंक उघडायला 'वाय लिहून पाठवा' असं सांगितलं असेल तर अजिबात पाठवू नका. अनोळखी पाठवणाऱ्याची लिंक आयफोन बंद ठेवतो आणि तुम्ही उत्तर दिलं की ती चालू होते. त्यांना नेमकं तेच हवं असतं.

व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी. तिथे तीन ठिकाणी हात घाला. 'कॉल्स'मध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू (कॉल वाजत नाही, यादीत दिसतो). 'ग्रुप्स'मध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स', म्हणजे भलताच माणूस तुम्हाला गुंतवणुकीच्या ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'ब्लॉक अननोन अकाउंट मेसेजेस', जे अनोळखी खात्यांकडून मेसेजचा मारा सुरू झाला की कामाला येतं.

ब्लॉक करताना रिपोर्टही केलात तर त्या खात्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. पुरावा हवा असेल तर त्याआधी स्क्रीनशॉट काढा. आणि ब्लॉक केलेला माणूस तुमच्या एखाद्या ग्रुपमध्ये असेल तर तिथे दोघांनाही एकमेकांचं लिहिणं दिसत राहतं. त्यावर ग्रुप सोडणं हाच इलाज.

टेलिग्राममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग कॉल आणि ग्रुप दोन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर. एवढंच.

बाहेरची अ‍ॅप: घ्यायची का?

फोनमधल्या सोयी नीट लावल्यावर बहुतेकांना नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपची गरज उरत नाही. ती अ‍ॅप लोकांनी दिलेल्या नावांवर आणि तक्रारींवर चालतात. म्हणून नवा फसवा नंबर तिथेही आधी कोराच असतो, आणि एखाद्याने रागाने दिलेलं नाव दुसऱ्याला चिकटून बसतं. शिवाय कॉन्टॅक्टची परवानगी देताना तुम्ही फक्त तुमची माहिती देत नसता. यादीतल्या शेकडो माणसांना कोणी विचारलेलं नसतं.

तरीही घ्यायचं असेल तर अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, 'डीफॉल्ट अ‍ॅप्स', 'कॉलर आयडी अँड स्पॅम अ‍ॅप' इथे ते निवडा. हे केलं नाही तर अ‍ॅप कॉल अडवू शकत नाही, नुसती नावं दाखवत बसतं. 'दोन दिवस चाललं, मग बंद पडलं' असं झालं की बॅटरी वाचवणाऱ्या यंत्रणेने ते मागे बंद केलेलं असतं. त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. आयफोनवर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'कॉल ब्लॉकिंग अँड आयडेंटिफिकेशन' इथे चालू करावं लागतं. एसएमएस, माइक, स्थान यांच्या परवानग्या अ‍ॅपने मागितल्या तर आधी नाही म्हणा. त्यांच्याशिवाय काय अडतं ते बघा, मग विचार करा.

फोनच्या बाहेरची दारं

प्रत्येक देशात तक्रारीचा वेगळा मार्ग आहे आणि खऱ्या कंपन्यांवर त्याचा परिणाम होतो. भारतात १९०९ या नंबरावर कॉल करून किंवा एसएमएसने जाहिराती बंद करता येतात: इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', एक जागा सोडून शून्य, असं लिहून पाठवलं की सगळ्या वर्गातल्या जाहिराती नको अशी नोंद होते. फक्त एखादा वर्ग, जसं बँक-विमा-कर्ज किंवा घर-जमीन, बंद करायचीही सोय आहे. नोंद करूनही जाहिरात आली तर तक्रार करायची मुदत २०२५ च्या बदलानंतर ७ दिवसांची आहे. कंपनीच्या नावाने येणाऱ्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावातल्या शेवटच्या अक्षराकडे बघायची सवय लावा: 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' सेवा, 'टी' व्यवहार, 'जी' सरकारी. बँकेचा इशारा म्हणून आलेला मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल तर तो बँकेचा नाही असंच धरा. फसवणुकीचा संशय असलेला कॉल किंवा मेसेज सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवरच्या 'चक्षू'मध्ये नोंदवता येतो. पैसे गेलेच असतील तर मात्र तिथे वेळ न घालवता थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये स्पॅम मेसेज ७७२६ वर पुढे पाठवतात. कीपॅडवर इंग्रजी 'स्पॅम' शब्दाचे आकडे हेच होतात. अमेरिकेची 'डू नॉट कॉल' नोंदवही २००३ पासून आहे, पण राजकीय प्रचार, देणग्या मागणारे आणि सर्वेक्षण करणारे तिच्या बाहेर आहेत, ठग तर कुठलीच नोंदवही बघत नाहीत.

एक नवा प्रकार नेटवर्कच्या गाळणीला वळसा घालतो. गाडीत किंवा पिशवीत ठेवलेलं खोटं टॉवर आसपासच्या फोनना जुन्या टूजीवर ओढून घेतं आणि थेट मेसेज टाकतं. मोबाइल कंपनीला तो दिसतही नाही. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनवर सिमच्या सेटिंग्जमध्ये 'अलाउ टूजी' बंद करता येतं. तुमच्या भागात फक्त टूजीच मिळत असेल तर मात्र करू नका, साधा कॉलही लागणार नाही.

हे करू नका

'थांबवा' अर्थाचा 'स्टॉप' फक्त ओळखीच्या, खऱ्या कंपनीला पाठवा. बाकीच्यांना तो तुमचा नंबर जिवंत असल्याची पावती वाटतो. नंबराच्या जागी अक्षरं असलेल्या मेसेजला तर बहुधा उत्तर जातच नाही.

कोणी फोनवर सांगितलं म्हणून ताऱ्याने सुरू होणारा कोणताही कोड लावू नका. '*२१*' आणि पुढे एखादा नंबर असा कोड लावला की तुमचे सगळे कॉल त्या नंबराकडे वळतात, आणि कॉलवर येणारे ओटीपीही. संशय असेल तर '*#२१#' लावून बघा, कॉल वळवलेत का ते पडद्यावर येतं. '##००२#' लावलं की सगळी वळवणी रद्द होते.

ब्लॉक केलं तरी कॉल येतोय?

आधी नंबर आकडा-आकडा जुळवून बघा, शेवटचा एखादा बदललेला असतो. मग तो कॉल नेमका कुठून आला ते बघा, व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल फोनच्या ब्लॉकने अडत नाही. फोनमध्ये दोन कॉल अ‍ॅप असतील तर 'डीफॉल्ट अ‍ॅप्स'मध्ये कोणतं निवडलंय ते तपासा. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये केलेली सेटिंग्ज चालत नाहीत. घड्याळ किंवा टॅबलेट जोडलेलं असेल तर ते स्वतंत्रपणे वाजत असू शकतं. नवा फोन घेतल्यावर ब्लॉक यादी आणि स्पॅमची बटणं पहिल्याच दिवशी उघडून बघा, ती आपोआप आली असतील असं गृहीत धरू नका.

आणि कॉल रोजचेच, धमकीचे असतील तर ब्लॉक करण्याआधी कॉलच्या यादीचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट काढा, मेसेज पुसू नका, व्हॉइसमेल जपून ठेवा. तक्रार लिहून घेणारा माणूस पहिल्यांदा तेच मागतो.